माळावरची आणि पाण्यावरची

टिटव्या दोन असतात. बहुतेक लोक एकच धरतात, कारण ती उडून जाते तेव्हा दोघींचेही पंख सारखेच काळे-पांढरे दिसतात आणि पाय दोघींचेही पिवळे असतात. पायांवरून ओळखू नये, असं माझे वडील सांगत. तोंडावरून ओळखावी.

पाण्यावरची असते तिचं डोकं, गळा आणि छाती काळीभोर असते. जणू कोणी गळ्यात काळं फडकं बांधलंय. डोळ्यापासून निघालेला पांढरा पट्टा मानेवरून खाली पोटापर्यंत जातो. डोळ्यापुढे लाल मांस असतं, चोचही लाल, फक्त टोकाला काळी. माळावरची थोडी लहान. तिची छाती मातीच्या रंगाची, म्हणून ती बसली की दिसतच नाही. डोक्यावर काळी टोपी आणि टोपीला पांढरी किनार. चोचीच्या मुळाशी पिवळं कातडं लोंबतं. आवाजही वेगळा. पाण्यावरची भांडखोर बाईसारखी, टिटिव टिटिव करत लांबवर ओरडत जाते. माळावरची बारीक आवाजात एकदा-दोनदा ओरडते आणि गप्प होते.

हे मला चौथीनंतर समजलं. शाळा सुटली आणि मी वडिलांबरोबर शेळ्यांमागे जायला लागले. माहेर एरंडोलकडचं. तिथे नदीही होती आणि नदीपासून वर चढलं की मोकळा माळही होता, म्हणून दोन्ही टिटव्या रोज दिसत. मी बोलत नसे. वडीलही फार बोलत नसत. पण टिटवी ओरडली की ते थांबत आणि मला विचारत, "कोनती?" मी सांगत असे. चुकले तर ते रागावत नसत, नुसते पुढे चालायला लागत.

टिटवी घरावरून ओरडत गेली की घरातलं माणूस जातं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. वडीलही मानत. पण ते म्हणत की हे फक्त पाण्यावरचीला लागू आहे. गावाचं मसण नदीकाठी असतं. पाण्यावरची टिटवी जन्मभर तिथेच राहते, माणसं आणलेली पाहते, जळताना पाहते, म्हणून तिला आधी कळतं. माळावरचीनं मेलेलं माणूस कधी पाहिलेलंच नसतं. "ती बिचारी काय सांगी? तिले कोनाशी काई घेनं-देनं नही." हे वडिलांनी एकदाच सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात ते कायमचं बसलं.

लग्न होऊन मी नरडाण्याजवळच्या गावात आले. घर गावाच्या अगदी कडेला. मागचं दार उघडलं की सरळ माळ, दूर रेल्वेच्या तारांपर्यंत. नदी गावाच्या दुसऱ्या बाजूला, लांब. नवीन घरात मला सगळ्यांचीच भीती वाटे. सासू वाईट नव्हती, पण मोठ्यानं बोलायची, आणि मोठ्यानं बोलणाऱ्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही. मालक शेतात असत. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. शेजारणी मला मुकी समजत. मागच्या दाराशी बसून भांडी घासताना माळावरची टिटवी ऐकू आली की बरं वाटे. तेवढी एकच ओळखीची.

नणंद परत आली तेव्हा मी त्या घरात नवीच होते. ती माझ्यापेक्षा लहान. साक्रीकडे दिली होती. तिला चालताना दम लागायचा, पाणी आणताना ती दोनदा पडली, तेव्हा सासरच्यांनी आणून सोडलं आणि म्हणाले, बरी झाली की न्यायला येतो. धुळ्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की लहानपणी सांधे धरले होते ना, तेव्हाच हृदयाची झडप खराब झाली. ऑपरेशन मुंबईला होतं, पण आता ते झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं. गोळ्या दिल्या. मीठ बंद करा म्हणाले. मालक तिला घेऊन परत आले आणि ओट्यावर बराच वेळ बूट न काढता बसून राहिले.

नणंदेला कोणी काही सांगितलं नाही. तिला कळलं होतं. पण ती गप्प बसणारी नव्हती. दिवसभर तिची जीभ चालू. आडवं झोपलं की तिचा श्वास कोंडे, म्हणून आम्ही भिंतीला गोधड्या लावून तिला बसवून ठेवत असू. तिथूनच ती सगळ्या घरावर राज्य करायची.

"वहिनी, तुले बोलाले पैसा पडतस का वं?"

मी हसायची.

"माय, देख, हसनी! आते बोली बी."

पहिल्यांदा टिटवी ओरडली ती संध्याकाळी, दिवे लागायच्या आत. उन्हाळा लागत होता. सासू चुलीजवळ होती. तिनं चिमूटभर मीठ चुलीत टाकलं आणि दाराबाहेर पाहून ओरडली, "जयो तुनं तोंड!" मीठ तडतडलं. मी नणंदेकडे पाहिलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. सासरे गेले त्या आठवड्यात टिटवी रोज ओरडत होती, असं घरात सगळे सांगत. नणंद तेव्हा लहान होती, पण तिला ते नीट आठवत होतं. एवढी टवाळ मुलगी, पण दोन्ही हातांनी तिनं गोधडी घट्ट धरली होती आणि तिचा श्वास भराभर चालला होता.

मी म्हटलं, "घाबरू नका ताई. ती माळवरनी शे."

घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मला पुढचंही सांगावं लागलं. मसणाचं, वडिलांचं, दोन टिटव्यांचं. मी त्या घरात आल्यापासून इतकं सलग कधी बोलले नव्हते.

सासू म्हणाली, "तुले काय समजस? टिटवी ती टिटवी."

पण नणंदेनं गोधडी सोडली होती. "थांब माय. तिना बापनं सांगेल शे. आपला बाप तं घुबड नि टिटवी एकच समजे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खरंच माळवरनी व्हती ना?"

"खरंच."

आणि ते खरंच होतं. त्या दिवसापासून टिटवी ओरडली की ती लगेच विचारी, "कोनती व्हती वं?" मी सांगे, "माळवरनी." ती मान हलवी आणि जे बोलत असेल ते पुढे बोलायला लागे. सासूनं मीठ टाकणं सोडलं नाही. पण आता नणंद तिला चिडवे, "माय, मीठ मन्हा भाजीमा टाक, माळवरनीले काय करनं!" डॉक्टरनं मीठ बंद केलेलं तिला फार सलत होतं.

मग तिलाच टिटवी ओळखायला शिकावंसं वाटलं. मागच्या दारापर्यंत ती चालू शकत होती. मी बाज दारात ओढून देत असे आणि ती टेकून बसे. माळ समोर. आधी तिला काहीच दिसेना. मी बोट दाखवी, ती म्हणे दगड शे. मग दगड चालायला लागे. त्या उन्हाळ्यात एका जोडीनं आमच्या दारातून दिसेल इतक्या जवळ अंडी घातली होती. घरटं म्हणजे काही नाही, जमिनीत थोडा खोलगा आणि कडेनं खडे. मादी बसली की टोपीची पांढरी किनार तेवढी दिसायची. नणंद ती किनार शोधायला शिकली. पिवळं कातडं उन्हात चमकतं ते शिकली. टिटवी दोन पावलं धावते, थांबते, वाकते, पुन्हा धावते, हे तर ती बसल्या जागी हातांनी करून दाखवायची. सासूसुद्धा हसायची.

पाण्यावरची तिला दाखवता येत नव्हती, कारण नदी लांब होती. मी तिचं तोंड, काळं फडकं, लाल मांस असं सांगून सांगून ती तिच्या डोळ्यांपुढे उभी केली. आवाज काढून दाखवला. मला आवाज काढायची लाज वाटत होती. मागे कोणी नाही असं पाहून मी काढला. ती पोट धरून हसली आणि मग तिला इतका खोकला लागला की मी घाबरले.

"एकदम तुना सासूसारखी," ती म्हणाली, दम घेत.

दुपारी मी ज्वारी निवडत असे आणि ती माळावर नजर ठेवून बसे. एकदा म्हणाली, "टिटवी पाय वर करीसन झोपस म्हनतस. आभाळ पडनं तं झेलाले."

"हो, म्हनतस."

"मी बसीसन झोपस. आभाळ पडनं तं मीच पहिले देखसू."

ऊन कडक झालं तेव्हा एक गोष्ट तिनं पाहिली, मी नाही. मादी उठली, उडून गेली आणि बऱ्याच वेळानं आली ती जड होऊन. पोटाची पिसं ओली, चिकटलेली. तशीच अंड्यांवर बसली. नणंदेनं मला हाक मारली. "वहिनी, हाई बी पानीवर जास ना वं. पोट वलं करीसन येस. अंडासले गार करस." मी पाहिलं. ते खरं होतं. वडिलांनी हे मला सांगितलं नव्हतं, किंवा त्यांनाही माहीत नसेल. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मंग ती पानीनी नही का?"

मी म्हटलं, "पानीवर जास. ऱ्हास नही तठे."

"हां," ती म्हणाली. "जाई येस." आणि हे तिला पटलं. किंवा पटवून घेतलं.

पिल्लं निघाली ती निघाल्या निघाल्या पळायला लागली, कापसाच्या बोंडाला पाय फुटावेत तशी. दोन दिसायची, कधी तीन. सगळ्या उन्हाळ्यात नणंद चांगली होती. तिच्या पायाची सूज उतरली. मालकांनी धुळ्याहून तिच्यासाठी काचेच्या बांगड्या आणल्या. सासू शेजारी सांगायला लागली की पोर सुधारली, आता दिवाळीनंतर सासरी धाडू. मलाही तसं वाटलं. तसं वाटलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

दिवाळीनंतर सासरचं कोणी आलं नाही. माळावर यंत्रं आली.

माळ सरकारनं कारखान्यांसाठी घेतलाय हे गावाला कधीपासून ठाऊक होतं. नुसतं बोलणं होतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. एके सकाळी पिवळी यंत्रं उभी होती. त्यांनी वरची माती खरवडून ढीग लावले. पांढरा मुरूम उघडा पडला. रस्ते आखले. आमच्या दारासमोरच, थोडं पलीकडे, मुरूम काढायला मोठा खड्डा केला. धूळ इतकी यायची की मागचं दार बंद ठेवावं लागे, आणि दार बंद झालं की नणंदेचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून धुळीतच ते उघडं ठेवत असू.

माळावरच्या टिटव्या काही दिवस उघड्या मुरुमावर हिंडताना दिसल्या. त्यांचा रंग आता जमिनीशी जुळत नव्हता. लांबूनही दिसायच्या. धावायच्या, थांबायच्या, पण वाकायच्या नाहीत. खायला काही नव्हतं. मग दिसेनाशा झाल्या. कोणत्या दिवशी गेल्या ते मला सांगता येणार नाही. जाणारं तसंच जातं, शेवटचं कोणतं ते नंतर आठवावं लागतं.

त्या वर्षी अवकाळी पाऊस झाला आणि खड्डा भरला. पाणी मुरलं नाही. काठावर चिखल झाला, शेवाळ आलं. एका संध्याकाळी मी राख टाकायला मागे गेले तर पाण्याच्या कडेला एक उभी होती. गळ्यात काळं फडकं. मी तिचं लाल मांस नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि घरात आले.

थोड्या वेळानं ती घरावरून ओरडत गेली. लांबलचक, भांडत.

नणंदेची तब्येत तोवर पुन्हा उतरली होती. पाय पुन्हा सुजले होते, ओठ निळसर दिसत. ती डोळे मिटून टेकली होती. सासूनं मीठ टाकलं. नणंदेनं विचारलं नाही. मी थांबले, ती विचारेल म्हणून. मग मीच म्हटलं, "माळवरनी शे ताई."

तिनं डोळे उघडले. रागावली नाही. तोंडावर तेच टवाळ हसू होतं, फक्त दमलेलं.

"वहिनी," ती म्हणाली, "माळ कोठे शे आते?"

मी खाली बघितलं. मी तिला शिकवलं नसतं तर माझं खोटं खपलं असतं. ते तेव्हाही मनात आलं आणि आताही येतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ठरवलं की टिटव्यांना खड्ड्यावर बसू द्यायचं नाही. दुसरं काय करता येणार होतं? डॉक्टरनं गोळ्या वाढवल्या होत्या, आणखी काही करायचं नाही म्हणाले होते. मी शेण टाकायला, राख टाकायला, काहीही निमित्त काढून मागे जायची आणि दगड मारायची. मला नेम नव्हता. टिटव्या उठायच्या, घिरट्या घालायच्या आणि ओरडायच्या. मी पदर हलवायची, "हड हड" करायची, त्या डोक्यावरून आणखी मोठ्यानं ओरडायच्या. खड्ड्याजवळ काम करणारी माणसं हसायची. एक म्हणाला, "काय वं भाभी, अंडं चोरी गयी का तुनं?" लाजेनं माझा जीव जायचा, पण मी जायचीच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि जितकं जास्त हाकलावं तितका जास्त ओरडा. आधी दिवसातून एकदा-दोनदा ऐकू यायचं, ते आता सगळं घर भरून राहायला लागलं. मला ते कळत नव्हतं. मला वाटायचं की अजून जोरात हाकलायला हवं.

नणंदेला ते कळलं. एका संध्याकाळी मी हातपाय धुऊन आत आले. सासू शेजारी गेली होती. नणंदेनं मला जवळ बोलावलं. तिला सलग बोलता येत नव्हतं, मधे मधे थांबावं लागे.

"वहिनी, तू तठे जास ना. म्हनीसन ती वरडस."

मी तिच्या पाठीमागची गोधडी नीट केली.

"माले नही वरडत ती. तुले वरडस." ती हसली. "मन्हाकरता कोनी इतलं भांडेल नव्हतं बाई. पन ऱ्हाऊ दे."

"मंग काय करू मी?" मी विचारलं. मला रडू आलं होतं.

"बस आठे."

मी बसले. तिचे पाय मांडीवर घेतले. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मागचं दार उघडं होतं. खड्ड्याकडून एकदा आवाज आला, नुसता सहज, कोणी हाकलत नव्हतं तसा. तिनं ऐकला. माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच बोट वर करून, मी तिला शिकवताना करायची तसं, म्हणाली, "लाल." मग डोळे मिटले. त्यानंतर मी दगड मारायला गेले नाही.

ती गेली ती भर दुपारी. ऊन होतं, यंत्रांवरच्या माणसांचं जेवण चाललं होतं म्हणून सगळं शांत होतं. मी तिला पाणी पाजत होते. एक घोट गिळला, दुसरा ओठावरून खाली आला. मी हाक मारली. सासू आली आणि ओरडली. त्या दिवशी टिटवी ओरडली नव्हती. सकाळपासून एकदाही नाही. मी कान देऊन होते म्हणून मला नक्की माहीत आहे. लालही नाही, पिवळीही नाही.

संध्याकाळपर्यंत बायका जमल्या. एकीनं सासूला विचारलं, "टिटवी वरडे ना वं तुमनाकडे?"

"रोज वरडे माय, रोज," सासू म्हणाली. "मी मीठ टाकू टाकू थकनू."

"मंग तिनी सांगेलच व्हतं."

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. आज ओरडली नव्हती, असं सांगायला मी तोंड उघडलं. इतक्या बायका माझ्याकडे बघतील हे मनात आलं आणि मी पदर पुढे ओढून घेतला.

आमच्याकडे बायका मसणात जात नाहीत. मी ओट्यावरून पाहिलं, वळणावर माणसं दिसेनाशी झाली तोपर्यंत. पुढे नदी. तिथे पाण्यावरच्या असतातच. पुढचं जे होतं ते त्यांनी पाहिलं.

मग बरीच वर्षं गेली. समोर कारखाने झाले, काही चालतात, काही बंद आहेत. मागच्या दारातून भिंत दिसते. भिंतीपलीकडच्या गटारीवर पाण्यावरच्या टिटव्या नेहमी असतात. माळावरची मला त्यानंतर दिसली नाही. एरंडोलकडे गेले तेव्हा तिकडच्या माळावर बघितलं, तिथेही प्लॉट पडलेत.

सासू आता फार थकली आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, चूल गेली आणि गॅस आला, तरी मिठाची वाटी ती हाताशी ठेवते. परवा संध्याकाळी टिटवी घरावरून ओरडत गेली. सासूचा हात वाटीत गेला आणि तिथेच थांबला. तिनं माझ्या दिशेनं तोंड वळवलं. इतक्या वर्षांत तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं.

"कोनती व्हती वं?"

मला वडील आठवले, नणंद आठवली. खोटं बोलावं असं एकदा वाटलं.

मी म्हटलं, "एकच ऱ्हायनी आते, माय."

तिनं मीठ उचललं, गॅसवर टाकलं, आणि वाटी माझ्याकडे सरकवली.